टाकीचा नमुना चांगला, शेवटच्या नळाचा खराब: टीसीएल वाढवण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गावाची छोटी नळपाणी योजना आहे. विहिरीचं पाणी उंच टाकीत जातं, तिथून गावठाणात आणि पुढे एका वस्तीवर. टाकीजवळचा नमुना ‘पिण्यायोग्य’ येतो, पण वस्तीवरच्या शेवटच्या नळाचा नमुना पावसाळा लागल्यापासून दोनदा ‘अयोग्य’ आला. वरून खुलासा मागणारं पत्र आलंय. गावठाणातले लोक पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ओरडतायत. समितीत दोन तट पडलेत, एक म्हणतो टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) दुप्पट करा, दुसरा म्हणतो आरओ बसवा. यातलं काय करायचं आणि पत्राला उत्तर काय द्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आणि नंतर गावोगावच्या योजनांवर काम करण्यात माझी नोकरी गेली, त्या अनुभवावरून सांगते. दोन्ही मतं सध्या बाजूला ठेवा. टाकीत चांगलं असलेलं पाणी नळाला खराब येतंय, म्हणजे बिघाड बहुतेक या दोन ठिकाणांच्या मधे आहे. तो नेमका कुठे, हे शोधल्याशिवाय टीसीएल वाढवलं तर टाकीजवळच्या घरांना वास आणखी येईल आणि वस्तीवरचा अहवाल कदाचित तसाच राहील. तुमचा खरा प्रश्न असा आहे: टाकीतून निघालेलं क्लोरीन वाटेत कुठे संपतं आणि का?

काही गोष्टी तुमच्या लिहिण्यातून कळत नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. पाणी रोज किती तास सोडता, की एक दिवसाआड? वस्तीकडे जाणारी पाइपलाइन गटाराच्या कडेने जाते का? पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) किती? टीसीएल टाकीत थेट टाकता की द्रावण करून सोडता? म्हणून पुढे जिथे जिथे ‘असं असेल तर’ म्हटलंय, तिथे तुमच्याकडे काय आहे ते ताडून बघा.

पण तपासणीच्या आधी एक काम आजच करा. वस्तीवरच्या लोकांना सांगा की पुढचा नमुना चांगला येईपर्यंत प्यायचं पाणी खळखळून उकळून घ्या. दवंडी, व्हॉट्सअ‍ॅप, शाळा, अंगणवाडी, जे चालतं ते सगळं वापरा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरांना जाऊन सांगा. आशाताईंना विचारा, गेल्या पंधरवड्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढलेत का. वाढले असतील तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. ‘लोक घाबरतील’ म्हणून ही सूचना अडवणारे पदाधिकारी मी खूप पाहिलेत. उकळलेल्या पाण्याने कुणाचं नुकसान होत नाही. सूचना मागे घ्यावी लागली, तर मागे घ्या.

आता अहवाल हातात घ्या आणि नुसता ‘अयोग्य’ हा शेरा न वाचता वरचा तपशील वाचा. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म किंवा ई. कोलाय जिवाणू अजिबात आढळता कामा नये. पण या दोघांचा अर्थ एक नाही. एकूण कोलिफॉर्म गटातले काही जिवाणू मातीत, पाल्यापाचोळ्यात, पाइपच्या आतल्या शेवाळी थरातही वाढतात. ते सापडले, तर बाहेरचं काहीतरी आत येतंय किंवा निर्जंतुकीकरण कमी पडतंय, एवढं कळतं. ई. कोलाय सापडला तर माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात मिसळली आहे, आणि तीही नुकतीच, कारण हा जिवाणू पाण्यात फार काळ तग धरत नाही. अहवालात ई. कोलाय असेल तर खाली लिहिलेली शोधाशोध उद्यावर टाकू नका. गावात झटपट जिवाणू तपासणीसाठी वापरतात ती एच२एसची बाटली काळी पडली, तर तो इशारा समजा. ती नेमका कोणता जिवाणू ते सांगत नाही, आणि काळी न पडल्याने पाणी निर्धोक आहे असंही सिद्ध होत नाही.

नमुना कसा घेतला तेही विचारा. इथे गफलत दोन्ही बाजूंनी होते. नळाच्या तोटीला चिंधी किंवा रबरी नळीचा तुकडा बांधलेला असेल आणि तो न काढता बाटली भरली असेल, तर पाइपातलं पाणी चांगलं असूनही नमुना खराब येतो. उलट प्रकार जास्त धोक्याचा. नमुन्याच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं. ते पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे निष्प्रभ करतं, म्हणजे नळातून बाहेर पडताना पाणी जसं होतं तसंच प्रयोगशाळेत पोचतं. कुणी मिनरल वॉटरची रिकामी बाटली धुऊन त्यात पाणी भरून पाठवलं, तर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतं आणि खराब पाण्याला चांगला शेरा मिळतो. तुमच्या टाकीजवळच्या नमुन्यात क्लोरीन भरपूर असणार, त्यामुळे तो ‘चांगला’ अहवाल कोणत्या बाटलीतून आला हे विचारणं अगदी रास्त आहे. नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि फार तर चोवीस तासांत तपासणीला लागला पाहिजे. सकाळी घेतलेला नमुना दिवसभर मोटारसायकलच्या डिकीत फिरला असेल, तर आलेल्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवणार नाही.

तरीही दोनदा खराब आलंय, म्हणून नमुन्यालाच दोष देऊन सुटका करून घेऊ नका.

शोध कसा घ्यायचा? ओटी टेस्टचा (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन मोजायचा) साधा संच घ्या आणि एकाच दिवशी, एकाच पाणी सोडण्याच्या वेळी चार ठिकाणी वाचन घ्या: टाकीच्या बाहेर पडणारा पाइप, गावठाणातला पहिला नळ, वस्तीकडे वळण्याआधीचा नळ आणि वस्तीवरचा शेवटचा नळ. शेवटच्या नळाला दोन वाचनं हवीत, पाणी आल्या आल्या एक आणि दहा-पंधरा मिनिटं वाहू दिल्यावर दुसरं. वाचनं कागदावर वेळेसकट लिहा. जमलं तर ओटीऐवजी डीपीडीचा संच मागवा. त्यात गुलाबी रंग येतो, मोकळं (कशाशीही न बांधलं गेलेलं) क्लोरीन जास्त खात्रीने मोजता येतं आणि ऑर्थोटोलिडीनसारखं घातक रसायन हाताळावं लागत नाही. ओटीच वापरणार असाल तर थेंब टाकल्यावर लगेच, पहिल्या दहा सेकंदांत जो पिवळा रंग दिसतो तो वाचा. नंतर हळूहळू गडद होत जाणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो, अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. त्याची जंतू मारायची ताकद बरीच कमी. कर्मचारी नळी खिशात ठेवून चहा पिऊन येतो आणि मग ‘०.५’ लिहितो, ते वाचन कामाचं नाही.

आता ही चार वाचनं काय सांगतात ते बघू.

समजा टाकीला (लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) ०.८, पहिल्या नळाला ०.७, वळणाआधी ०.६ आणि शेवटच्या नळाला शून्य. घसरण एकदम झाली आहे, तर शेवटच्या टप्प्यातच बाहेरचं पाणी आत शिरतंय असं धरून चाला. समजा ०.४, ०.३, ०.१ आणि शून्य असं उतरत गेलं. मग मुळात डोस कमी आहे, किंवा पाणी पाइपात फार वेळ पडून राहतं, किंवा पाइपच आतून इतका घाण आहे की क्लोरीन तिथेच खर्ची पडतं. टाकीलाच शून्य असेल तर पाइपलाइन विसरा, टीसीएलचा कारभार बघा. आणि शेवटच्या नळाला पाणी आल्या आल्या शून्य, पंधरा मिनिटांनी ०.३, असं दिसलं तर ते सगळ्यात बोलकं वाचन. पाणी बंद असताना पाइपात काहीतरी येऊन बसतं आणि पाणी सुटलं की ते पहिल्या लोंढ्याबरोबर घराघरात जातं. माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे हाच प्रकार निघेल, कारण नमुने पावसाळा लागल्यावर बिघडलेत.

याचं कारण समजून घ्या, कारण समितीला पटवायचं काम तुम्हालाच करायचंय. पाइप भरलेला आणि दाबाखाली असतो तेव्हा गळतीतून पाणी बाहेर जातं, आत येत नाही. पाणी बंद केलं की पाइप उताराच्या बाजूने रिकामा होतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि ज्या फटीतून सकाळी पाणी बाहेर झिरपत होतं तीच फट दुपारी बाहेरचं पाणी आत ओढते. उन्हाळ्यात बाहेर कोरडी माती असते, म्हणून काही बिघडत नाही. पावसाळ्यात त्याच मातीत गटाराचं, उकिरड्याचं, शोषखड्ड्याचं पाणी मुरलेलं असतं. त्यात कुणी नळाला थेट टुल्लू पंप जोडला असेल तर पाणी चालू असतानाही शेजारच्या जोडणीत दाब उणे होतो. पंप बंद करायला लावणं हे गावातलं सर्वांत अवघड काम आहे, मला कल्पना आहे. पण चारपाच घरांनी पंप लावला की टोकाच्या घरांचं पाणी फक्त कमी होत नाही, घाणही होतं, हे ग्रामसभेत वाचनं दाखवून सांगितलं तर पटतं. नुसतं ‘पंप लावू नका’ म्हटलं तर कुणी ऐकत नाही.

म्हणून वाचनं झाली की शेवटच्या टप्प्याची लाइन पायी चाला, तीही पाऊस पडून गेल्यावर. व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरची फरशी उचला. अशा कितीतरी खड्ड्यांत मी वाकून पाहिलंय. व्हॉल्व्हच्या गळ्यापर्यंत गढूळ पाणी, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पाल्याचा थर, बाजूच्या गटाराचं पाणी विटांच्या सांध्यातून सावकाश आत येतंय. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग झिजलेलं असतं. पाणी चालू असताना तिथून बारीक धार उडते आणि पाणी बंद झालं की त्याच फटीतून पाइप खड्ड्यातलं पाणी पितो. खड्डा उपसा, पॅकिंग बदला, खड्ड्याच्या भिंती वर उचला, वर घट्ट झाकण बसवा. याला मोठा निधी लागत नाही. त्यानंतर घरगुती जोडण्या बघा: गटार ओलांडून जाणारे अर्ध्या इंचाचे पाइप, सायकलच्या ट्यूबने बांधलेले सांधे, तोटी नसलेले आणि जमिनीलगत खड्ड्यात उतरवलेले नळ. पाणी कमी दाबाने येतं म्हणून लोक नळ खड्ड्यात घेतात. पाणी बंद झालं की त्या खड्ड्यात साचलेलं पाणी उघड्या नळातून थेट लाइनीत परत जातं. वस्तीवर असे दोनतीन खड्डे सापडले तर मला नवल वाटणार नाही.

दुरुस्तीनंतर तो भाग धुऊन काढावा लागतो, पण बेताने. अमेरिकेत मिसुरी राज्यात गिडियन नावाचं सुमारे ११०० वस्तीचं गाव आहे. तिथलं पाणी क्लोरीनशिवाय दिलं जायचं. १९९३ मध्ये पाण्याला वास-चव येते अशा तक्रारी आल्या म्हणून सगळी लाइन जोरात धुतली. साठवण टाकीच्या छतातून पक्षी आत जात होते. धुताना टाकीच्या तळाशी बसलेली घाण ढवळून गावभर गेली. साल्मोनेला या जिवाणूने शेकडो लोक आजारी पडले आणि वृद्धाश्रमातल्या आजारी पडलेल्यांपैकी सात जण दगावले. म्हणून आधी टाकीवर चढून झाकण, हवेच्या पाइपची जाळी आणि तळाचा गाळ बघा, टाकी धुऊन घ्या, पाण्यात क्लोरीन आहे याची खात्री करा, आणि मगच टोकाचा वॉशआउट (लाइन धुऊन पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह) उघडा. त्या वेळेत कुणी पाणी भरू नये हे आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आता टीसीएलकडे येते. डोस वाढवण्याच्या आधी पावडर जिवंत आहे का ते बघा. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ओल, ऊन आणि उघडं तोंड मिळालं की ते उडून जातं. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलेलं, तोंड सुतळीने अर्धवट बांधलेलं पोतं हे नेहमीचं दृश्य. हिशोब करून बघा. हजार लिटरला पाच ग्रॅम या नेहमीच्या मापाने पन्नास हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम पावडर पडते. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर पाण्याला लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. तीच पावडर १५ टक्क्यांवर आली असेल तर ०.७५. वहीत डोस तोच, पाण्यात निम्म्याहून कमी. पावडरचा नमुना तपासायला पाठवा, पोतं फळीवर ठेवा, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ओता, आणि जुनं संपल्याशिवाय नवं उघडू नका.

पावडर टाकीत कोरडी फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, अर्धा-एक तास ठेवा, चुन्याचा साका खाली बसला की वरची निवळी टाकीत सोडा, तीही टाकी भरत असताना, म्हणजे नीट मिसळते. त्यानंतर किमान अर्धा तास थांबून मग पाणी सोडा. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असं आहे की निदान तीस मिनिटांच्या संपर्कानंतर, पीएच ८ च्या खाली असताना, लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलं पाहिजे, आणि ग्राहकाच्या नळाला किमान ०.२. आयएस १०५०० मध्येही शिल्लक क्लोरीनची किमान मर्यादा ०.२ आहे. पीएचची अट कशासाठी, तर क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतं आणि त्यातलं एकच जोरात जंतू मारतं. पीएच ७.५ च्या आसपास ते निम्मं असतं, ८.५ ला जेमतेम एक दशांश उरतं. म्हणजे दोन गावांत ओटीचा रंग सारखा दिसला तरी पाणी सारखंच सुरक्षित असेल असं नाही. विहिरीचं पाणी पावसाळ्यात गढूळ होत असेल तर आधी गढूळपणा खाली आणा. मातीच्या कणांच्या आड जंतू लपतात, आणि सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो.

वासाबद्दल. लोकांना वास येतो म्हणजे क्लोरीन जास्त झालंय, असं नेहमीच नसतं. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी जोडलं जाऊन जे संयुग बनतं त्यालाच उग्र वास येतो, आणि अशा वेळी मोकळं क्लोरीन नगण्य असू शकतं. ओटीचा रंग पहिल्या दहा सेकंदांत फिका आणि नंतर बराच गडद होत असेल तर तुमच्याकडे हा प्रकार असण्याची शक्यता आहे. मग विहिरीत अमोनिया आणि नायट्रेट येतं कुठून, ते बघावं लागेल: विहिरीजवळचे गोठे, उकिरडा, शौचालयांचे खड्डे. वास खरोखर मोकळ्या क्लोरीनचाच असेल, तर गावठाणाला ०.५ ते ०.८ देऊन वस्तीवर जायच्या वाटेत छोटा डोसर (ठरावीक प्रमाणात क्लोरीन सोडणारं साधन) बसवणं हा टाकीत डबल टीसीएल टाकण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग. पण गळती बंद केल्यानंतर. आधी नाही. आरोग्याच्या दृष्टीने जागतिक आरोग्य संघटनेने क्लोरीनची वरची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम धरली आहे, तुमचं पाणी तिच्या कितीतरी खाली असणार. चव मात्र बऱ्याच लोकांना १ च्या खालीही जाणवते, त्यांची तक्रार खोटी समजू नका.

आरओबद्दल मी दोन वाक्यांत मोकळी होते. नायट्रेट, फ्लोराइड किंवा क्षार मर्यादेबाहेर असतील तर आरओचा विचार जरूर करा. तुमचा त्रास पाइपात शिरणाऱ्या घाणीचा आहे, आणि आरओचं पाणी चौकात मिळालं तरी वस्तीवरची घरं भांडी, भाज्या आणि दात घासायला नळाचंच पाणी वापरणार.

पत्राचं उत्तर. आयएस १०५०० हे मानक गावाच्या नळ योजनेला कायद्याने सक्तीचं नाही. पण २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने पाण्याची गुणवत्ता त्याच मापाने मोजायची ठरवली, त्यामुळे तुमच्यासाठी मोजपट्टी तीच. स्रोतांची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ही किमान अपेक्षा आहे. यात एक भ्रम होतो. वर्षातून दोनदा चांगला अहवाल आला की योजना ‘पास’, असं समजलं जातं. पण अहवाल हातात पडतो तोवर ते पाणी लोकांनी प्यायलेलं असतं. प्रयोगशाळेचा कागद त्या एका क्षणाचा पुरावा. रोजची सुरक्षितता दिसते ती शेवटच्या नळाच्या रोजच्या क्लोरीन वाचनात, आणि म्हणून तपासणीला येणारा जाणता माणूस आधी त्या वाचनांची वही मागतो.

ती वही उघडून बघा. महिनाभर रोज ‘०.५’ लिहिलेलं असेल, एकाच पेनाने, एकाच वळणाने, तर ती वही तुमच्या विरोधातला पुरावा आहे. खरी वाचनं ०.४, ०.६, ०.२, कधी शून्य अशी हलतात. कॅनडातल्या वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात पाणी सांभाळणारे लोक क्लोरीन न मोजता वहीत ०.५ किंवा ०.७५ लिहीत आले होते. मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर गुरांच्या शेणातला घातक ई. कोलाय एका उथळ विहिरीत उतरला. २३०० हून जास्त लोक आजारी पडले आणि सात जणांचा जीव गेला. खराब अहवाल आल्यावरही आरोग्य खात्याला ‘पाणी ठीक आहे’ असंच सांगितलं गेलं. त्या विहिरीवर रोज खरोखर क्लोरीन मोजलं गेलं असतं तर प्रादुर्भाव फार मोठ्या प्रमाणात कमी झाला असता, असं चौकशी आयोगाने नंतर म्हटलं.

त्यामुळे तुमच्या जलसुरक्षकाला (गावात पाणी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला) सांगा की शून्य आलं तर शून्य लिही, तुला कुणी बोलणार नाही. आणि खरंच बोलू नका. शून्य लिहिल्यावर त्याने पुढे काय केलं, कुणाला कळवलं, किती वेळाने पुन्हा मोजलं, हे त्याच ओळीत लिहायला लावा. अशी ‘शून्य, सरपंचांना फोन, डोस तपासला, दोन तासांनी ०.३’ ही एक ओळ तीस दिवसांच्या ०.५ पेक्षा तुमची बाजू जास्त भक्कम करते.

खुलाशात ‘तात्काळ टीसीएल वाढवण्यात आले असून पाणी पिण्यायोग्य आहे’ हे नेहमीचं वाक्य टाळा. खराब नमुने कोणत्या तारखेचे आणि कोणत्या नळाचे, उकळण्याची सूचना केव्हा आणि कशी दिली, चार ठिकाणची क्लोरीन वाचनं वेळेसकट, कोणते व्हॉल्व्ह आणि कोणत्या जोडण्या सदोष सापडल्या, त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो, काय दुरुस्त झालं, काय राहिलं आणि ते कधीपर्यंत होईल, हे लिहा. जे ग्रामपंचायतीच्या ताकदीबाहेर आहे, उदाहरणार्थ गटारातून गेलेली जुनी लाइन बदलणं, त्यासाठी त्याच पत्रात मदत मागा. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छता सर्वेक्षणात लाल किंवा पिवळं (धोक्याचा इशारा देणारं) कार्ड मिळण्याची भीती वाटत असेल तर लक्षात घ्या, ते कार्ड स्रोताच्या परिसरापासून व्हॉल्व्हच्या गळतीपर्यंत आणि टीसीएलच्या साठ्यापर्यंत सगळं बघून दिलं जातं. वरची कामं झाली तर कार्डाची वेगळी तयारी करावी लागत नाही.

एक सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच: पुढचा नमुना घ्यायच्या आदल्या रात्री टाकीत भरपूर टीसीएल ओता. ऐकू नका. अहवाल चांगला येईल, पत्राची फाइल बंद होईल आणि वस्तीवरची मुलं पुढच्या आठवड्यात तेच पाणी पितील. शिवाय नमुन्याबरोबर क्लोरीनचं वाचन लिहिलेलं असतं, तिथे २ किंवा ३ दिसलं की तपासणाऱ्याला सगळं समजतं.

थोडक्यात क्रम असा ठेवा. आज उकळण्याची सूचना. उद्या चार ठिकाणची वाचनं आणि पावडरचा नमुना. दोनतीन दिवसांत लाइन चालून व्हॉल्व्ह आणि जोडण्यांची दुरुस्ती, टाकीची सफाई, मग टोकापर्यंत धुणं. शेवटच्या नळाला सलग काही दिवस, पाणी आल्या आल्या घेतलेलं वाचनही ०.२ च्या वर राहिलं की मग फेरनमुना द्या, आणि तो त्याच शेवटच्या नळाचा द्या, सोयीच्या नळाचा नको. एका चांगल्या नमुन्यावर उकळण्याची सूचना उठवू नका. काही दिवसांच्या अंतराने दुसराही चांगला येऊ द्या, त्यातला एक तरी मोठा पाऊस पडून गेल्यावरचा असावा.

वाचनं घेतलीत की पीएच आणि पाणी सोडण्याच्या वेळांसकट इथे लिहा. डोसर कुठे बसवायचा आणि किती सोडायचं, हे त्या आकड्यांशिवाय कुणी सांगितलं तर तो अंदाजच असेल.